थाळी वाजण्याआधी

वेणू घरतला लहानपणापासून एक खोड आहे. एखादी गोष्ट अशीच का, हे कळेपर्यंत तिला चैन पडत नाही. मिठागरावर बापाला भाकरी पोचवायला गेलेली नऊ वर्षांची वेणू परत यायची ती प्रश्न घेऊनच. एका वाफ्यातलं मीठ जाड आणि शेजारच्या वाफ्यातलं बारीक, हे कसं? उन्हाने रापलेला, दमलेला बाप म्हणायचा, देवाला विचार. वेणू देवालाही विचारायची, आणि उत्तर आलं नाही की त्याच्यावर चार दिवस रुसून बसायची. आता तिला बावन्न पूर्ण झाली. मिठागराच्या जागी चौपदरी रस्ता आला, बाप गेला, खोड मात्र शाबूत राहिली.

गेल्या थंडीत तिला जो प्रश्न पडला, तो एका कुत्र्याच्या पिल्लाने पाडला होता.

पनवेलहून खाडीच्या अंगाला गेलं की उंच इमारतींच्या मधोमध अडकून पडलेली काही जुनी गावं आहेत. त्यातल्याच एकात वेणूचं एकमजली घर आहे, आणि घरामागच्या पडवीत तिची कुत्री. पांढऱ्या अंगावर काळे ठिपके असलेली डालमेशियन जात. गावात कुणाला ते नाव उच्चारायचा धीर होत नाही, म्हणून सगळे ‘ठिपक्याची कुत्री’ म्हणतात. फाटकावर परवान्याच्या नंबरासकट पाटी आहे, ‘घरत यांची डालमेशियन पिल्ले’. पाटीची रोज सकाळी फडक्याने पुसपास होते. घरातल्या देवांनाही इतकं नेमाने कुणी पुसत नाही, असं वेणूचा नवरा बुधाजी म्हणायचा. म्हणजे पूर्वी म्हणायचा, कारण अलीकडे तो फारसं बोलत नाही.

धंद्याची सुरुवात ठरवून झालेली नव्हती. खारघरच्या एका साहेबांची बदली झाली तेव्हा त्यांनी आपली कुत्री ‘दोन महिने सांभाळा’ म्हणून वेणूकडे ठेवली. ते दोन महिने अजून संपायचे आहेत. मधल्या चौदा वर्षांत वेणूने गुरांच्या डॉक्टरांना प्रश्न विचारून विचारून भंडावलं. कुत्री किती दिवसांनी माजावर येते, जन्मलेलं पिल्लू किती ग्रॅम वाढलं पाहिजे, नखं कधी कापायची, जंतांचं औषध कधी पाजायचं, सगळं ती वहीत लिहून शिकली. शाळा सातवीत सुटलेल्या बाईची ती वही आता पनवेलच्या डॉक्टर चारुता नव्या लोकांना दाखवायला मागून नेतात.

तिचं एक वाक्य पंचक्रोशीत प्रसिद्ध होतं: माझ्याकडचं पिल्लू मी पारखून देते. चौदा वर्षांत तिच्याकडून गेलेलं एकही पिल्लू ‘हे असं कसं निघालं’ म्हणून परत आलं नव्हतं.

नोव्हेंबरच्या मध्यावर तिची लाडकी कुत्री रांगोळी व्याली. नऊ पिल्लं झाली. ह्या जातीची पिल्लं जन्मतात ती नुसती पांढरी, मिठासारखी, अंगावर एकही ठिपका नाही. पाचव्या दिवशी वेणूने माणसांच्या बाळाची करतात तशी त्यांची पाचवी पुजली. पाटावर कोरा कागद आणि पेन ठेवलं, सटवाईला हात जोडले. सटवाई बाळाच्या कपाळी नशीब लिहून जाते, ते काही कुणाला दिसत नाही. ह्या पिल्लांच्या बाबतीत मात्र तिची शाई बारा-पंधरा दिवसांनी अंगभर उमटते, असं वेणूचं मत होतं आणि ते तिने डॉक्टरीणबाईंनाही सांगून ठेवलं होतं.

पिल्लं ओळखू यावीत म्हणून प्रत्येकाच्या गळ्यात वेगळ्या रंगाचा लोकरीचा दोरा होता. एकाला मात्र दोऱ्याची गरज नव्हती. त्याचा डावा डोळा आकाशासारखा निळा होता. वेणूने त्याचं नाव घाऱ्या ठेवलं.

थंडीच्या दिवसांत तिचा दिवस साडेपाचला सुरू व्हायचा. खाडीकडून धुकं यायचं आणि पडवीच्या फरश्या बर्फासारख्या व्हायच्या, म्हणून पिल्लांचं कुंपण बुधाजीने जमिनीपासून वीतभर उंच, लाकडी फळ्यांवर बांधलं होतं. वर पिवळा बल्ब टांगलेला, खाली गोणपाटं. त्याच फळ्या पुढे वाढवून त्याने स्वतःला बसायला बाकडंही करून घेतलं होतं. वेणू आली की ओली गोणपाटं काढायची, फळ्या गरम पाण्याने पुसायची, पिल्लांना एकेक करून काट्यावर ठेवायची आणि वजन वहीत लिहायची. मग नाचणीची पेज आणि कुसकरलेली कोंबडी एका परातीत कालवून आणायची. दहाला ऊन पडवीत उतरलं की सगळी वरात अंगणात. रांगोळी उन्हात आडवी व्हायची आणि नऊच्या नऊ तिच्यावर चढायची.

जेवायला बोलवायची तिची रीत ठरलेली होती. काखेत परात, एका हातात स्टीलची थाळी, दुसऱ्या हातात पळी. स्वयंपाकघराच्या दारातून बाहेर यायचं आणि थाळीवर पळीचे तीन ठोके द्यायचे. तीन आठवड्यांपासून पिल्लांना ही सवय लागते, आणि पुढे नव्या घरी गेल्यावरही थाळी वाजली की ती धावत येतात. गिऱ्हाइकं ह्याचं फार कौतुक करायची.

तर प्रश्न असा होता. ठोके पडले की आठ पिल्लं उठून धावायची, पण घाऱ्या त्यांच्या आधी उठलेला असायचा. थाळी वाजण्याआधीच. वेणू दारात पाऊल टाकते न टाकते तोच हा डोकं वर करून, शेपूट हलवत कुंपणाशी उभा. बाकीची अजून घोरतायत.

ह्याला कसं कळतं?

वेणूने पहिल्यांदा त्याच्या नाकाला श्रेय दिलं. एक दिवस परात आत ठेवून ती रिकाम्या थाळीनिशी आली, तरी तो उठला. मग तिला वाटलं वेळेचा अंदाज असेल. तिने अर्धा तास आधी थाळी नेली, एकदा तासभर उशिरा नेली. तो उठलेलाच. चपलेचा आवाज म्हणावं तर ती अनवाणी गेली, तेही पाऊल न वाजवता, मांजरासारखी. बाकड्यावर बसलेला बुधाजी तिच्याकडे बघत होता. आपली बायको स्वतःच्याच पडवीत चोरासारखी का चालते, हे काही त्याने विचारलं नाही. घाऱ्या उठून उभा होता.

‘हुशार निघालंय,’ तिने निकाल दिला. पण निकाल दिला म्हणून प्रश्न मिटत नाही, हे तिच्याइतकं कुणाला माहीत नव्हतं.

खारघरचे चारुदत्त आणि मिताली हे जोडपं डिसेंबरअखेर पिल्लू बघायला आलं. मितालीने निळा डोळा पाहिला आणि बाकीच्या आठांकडे तिची नजर गेलीच नाही. चारुदत्त हिशेबी माणूस. त्याने एकच प्रश्न विचारला. त्यांच्या इमारतीचं फाटक थेट महामार्गाच्या जोडरस्त्यावर उघडतं. फाटकातून निसटलं तर हाक मारल्यावर परत येईल ना? आधीचा कुत्रा त्यांनी तिथेच गाडीखाली गमावला होता. ते सांगताना मिताली दुसरीकडे बघत होती.

वेणू हसली. म्हणाली, हाकेच्या आधी येईल. आणि तिने थाळी आणून दाखवली. घाऱ्या ठोक्याआधी उठला. मितालीने टाळी वाजवली. आठ आठवडे भरले की मगच पिल्लू द्यायचं असा नियम, तेव्हा जानेवारीतल्या दुसऱ्या रविवारची तारीख ठरली.

बुधाजी हे सगळं बाकड्यावरून बघत होता. त्याने मान हलवली. तो आताशा सगळ्यालाच मान हलवायचा.

बुधाजी घरत खडीच्या क्रशरवर तीस वर्षं मशीन चालवायचा. तिथली धूळ त्याच्या छातीत आणि तिथला धडधडाट त्याच्या बोलण्यात उतरला होता, कारण तो घरातही ओरडूनच बोलायचा. भांडायचाही तसाच, अख्ख्या आळीला ऐकू जाईल असा. पण क्रशर सोडल्यापासून माणूस निवला. वेणू काही बोलली की हसायचा, मान डोलवायचा, उलट शब्द नाही. शेजारणी म्हणायच्या, तुझा म्हातारा गोड झाला गो. वेणूलाही तसंच वाटायचं, आणि खरं सांगायचं तर जरा चुकल्यासारखंही वाटायचं. भांडायला कुणी उरलं नाही म्हणून माणसाला सुनं वाटू शकतं, हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं.

ठरलेल्या रविवारच्या आधीच्या शुक्रवारी वेणूने शेवटचा उपाय केला. ती पुढच्या दाराने बाहेर पडली, घराला वळसा घालून मागच्या पेरूच्या झाडाआड उभी राहिली. थाळी घेऊन स्वयंपाकघराच्या दारातून यायला तिने आपल्या धाकट्या जावेला आधीच सांगून ठेवलं होतं. आज घाऱ्यावरून नजर काढायची नाही, असं तिने ठरवलं.

जाऊ दारात आली. घाऱ्या झोपलेलाच होता, फळीला पोट टेकून, कान सैल. मग बाकड्यावरच्या बुधाजीने दाराकडे पाहिलं आणि दारातून न दिसणाऱ्या उजव्या पायाची टाच उचलून फळीवर हलकेच आपटली. एकदाच. घाऱ्या ताडकन उठला. त्यानंतर तीन ठोके पडले आणि बाकीची आठ धावली.

वेणू झाडाआड तशीच उभी राहिली. बाकी पिल्लं रोजच्या त्या टाचेला सरावली होती, ती थाळीचीच वाट बघायची. हा मात्र टाचेवरच उठायचा. म्हणजे हे हुशारीचं कोडं नव्हतंच. आणि नवऱ्याला हा खेळ कशासाठी सुचला, हे दुसरंच कोडं होऊन बसलं. दुपारी तिने विचारलं तर तो हसला, मान हलवली आणि विडी शोधायला निघून गेला.

संध्याकाळी ऊन उतरायच्या वेळी घाऱ्या एकटाच अंगणातल्या मातीत झोपला होता. बुधाजी बाजारात गेलेला. वेणू घाऱ्याच्या मागे चार हातांवर गेली आणि तिने थाळी वाजवली. कुंपणातली आठ पिल्लं उठून कडेला धावली, रांगोळी आली, शेजारचं बेवारशी कुत्रं आलं. घाऱ्याचा कानही हलला नाही. तिने पुन्हा वाजवली, जोरात. मग पळी टाकून दिली आणि दोन्ही हातांनी थाळी जमिनीवर आपटली. तो उलटा झाला, पोट वर केलं आणि झोपला.

तिला त्या क्षणी थाळीचाच राग आला.

डॉक्टर चारुतांनी शनिवारी सकाळी येऊन खात्री केली. पिल्लू दोन्ही कानांनी बहिरं होतं. ह्या जातीत हे असतं, निळ्या डोळ्याच्या पिल्लांत जास्तच, असं त्या म्हणाल्या. लस टोचताना नऊ पिल्लांच्या गलक्यात आपल्याही लक्षात आलं नाही, ह्याची त्यांनी कबुली दिली. झुंडीत हे कळतच नाही. भावंडं उठली की धक्का लागून तोही उठतो, ती पळाली की तोही पळतो. वेगळं काढल्याशिवाय पत्ता लागत नाही. औषध नाही. हातांच्या खुणा शिकवल्या तर छान जगेल, पण मोकळ्या रस्त्याच्या कडेला नको. आणि रांगोळीला पुन्हा पिल्लं होऊ द्यायची नाहीत, कारण हे रक्तातून येतं.

वेणूने सगळं ऐकून घेतलं. रांगोळीच्या आधीच्या दोन वेतांची पिल्लं कुठे कुठे गेली, ती नावं तिच्या डोळ्यांपुढून सरकत होती. चौदा वर्षं ती पारखून देत आली होती, आणि पारखायचं काय हेच तिला ठाऊक नव्हतं. तिला लाज वाटली, सरळ सरळ लाज.

त्या संध्याकाळी पोपटी होती. कामोठ्याहून मुलगी दिपिका आली होती. वालाच्या कोवळ्या शेंगा, अंडी, ओवा, जाडं मीठ, भांबुर्डीचा पाला, सगळं मडक्यात ठासून, मडकं अंगणात उपडं घालून भोवती पेंढा, काटक्या आणि वाळके बांबू रचलेले. पोपटी लावावी तर बुधाजीनेच, असा गावाचा दाखला होता. जाळ बसला की तो मडक्यावर पाण्याचा शिपका मारायचा आणि चर्र आवाज कसा येतो त्यावरून झाली की नाही ते सांगायचा. गेल्या वर्षी मात्र त्याची पोपटी दोनदा करपली. पोरांनी खूप चिडवलं. ह्या वर्षी तो शिपका दिपिकाला मारायला सांगत होता आणि स्वतः तिच्या तोंडाकडे बघत होता.

वेणूने दिपिकाला पिल्लाचं सांगितलं. दिपिका कामोठ्यात शिकवणीचे वर्ग घेते, डोकं व्यवहारी. ती हळूच म्हणाली की त्यांना महिनाभर तरी कळायचं नाही, आणि कळलं तरी तिकडे गेल्यावर काही दुखणं झालं असेल असं वाटेल. पाटी जपायची आहे ना, आई? ती वाईट बुद्धीने बोलत नव्हती, आईचा चेहरा बघवत नव्हता म्हणून बोलत होती. वेणूच्या डोळ्यांपुढे महामार्गाचा तो जोडरस्ता आला. तिने जाळात चार काटक्या सारल्या. तिच्याही मनात एक क्षण तोच विचार येऊन गेला होता.

बुधाजी जाळापासून थोडा लांब, पेंढ्यावर बसला होता. मांडीवर घाऱ्या. दोघांची पाठ जाळाकडे, तोंड खाडीकडे.

इतक्यात जाळातल्या बांबूचं पेर फुटलं. बंदुकीच्या बारासारखा आवाज झाला. दिपिकाच्या हातातला तांब्या पडला, रांगोळी भुंकत पडवीत पळाली, पिल्लं एकमेकांवर कोसळली, शेजारच्या गच्चीवरून कुणीतरी काय झालं म्हणून विचारलं.

दोघेजण मात्र हलले नाहीत. घाऱ्या मांडीवर जांभई देत होता, आणि बुधाजी त्याच्या पाठीवरून शांतपणे हात फिरवत होता.

वेणू जागच्या जागी उभी राहिली. टाच, विडी, मान हलवणं, गोड झालेला म्हातारा, करपलेली पोपटी, सगळं तिच्या पायाशी येऊन पडलं. सहा महिने झाले असतील की सहा वर्षं? ती ह्या माणसाशी स्वयंपाकघरातून बोलत आली होती, पाठमोरी, भांडी घासता घासता. तो हसतो म्हणून तिला वाटायचं ऐकतोय.

ती जाऊन त्याच्यासमोर, मातीत उकिडवी बसली. ओरडली नाही. त्याला तोंड दिसेल अशी बसली आणि म्हणाली,

“कदीपासून?”

बुधाजीने तिच्या ओठांकडे पाहिलं, मग पिल्लाकडे. मान हलवून सुटका होते का, असा एक विचार त्याच्या चेहऱ्यावर आला आणि गेला.

“क्रशर सोरला त्याच्या आदीपासून,” तो म्हणाला. “पयला ह्यो कान गेला. मंग दुसरा.”

“मना का नाय सांगलात?”

“काय सांगू गो? तू बोलत व्हतीस, मी बगत व्हतो. चाललं व्हतं.”

वेणूचे डोळे भरून आले, पण प्रश्न अजून संपला नव्हता. तिने घाऱ्याकडे बोट दाखवलं. ह्याचं कसं कळलं?

त्याने सांगितलं ते असं. पिल्लं चार आठवड्यांची असताना एकदा सगळी थाळीकडे बघत होती आणि हे एकटं त्याच्या तोंडाकडे बघत होतं. ते बघणं त्याने ओळखलं. तो स्वतः रोज तसाच बघतो. नंतर टाच आपटून पाहिली तेव्हा पिल्लू उठलं, कारण फळी पोटाखाली हलते. आपणही घरात कुणी आलं-गेलं ते असंच ओळखतो, फळीवरून.

“मंग मना सांगाचा ना,” वेणू म्हणाली. “रविवारी त्याला न्यायला लोक यायचे हायत. रस्त्यावर मेला असता तो.”

“तो घाटावरचा मानूस आलता, बाकड्यावर बसला व्हता,” बुधाजी म्हणाला. त्याने आधी कानाला हात लावला, मग दोन बोटांनी हवेत सुई टोचल्याची खूण केली. “असा करून दाकवला त्याने, बयऱ्या पिल्लाचा काय करतान ते. आनि तू मान हलवलीस.”

वेणूला आठवलं. डिसेंबरात घाटावरून एक पैदासवाले पिल्लं बघायला आले होते. बहिरं निघालं की पहिल्या महिन्यातच सुई देऊन संपवायचं, असं ते आपल्या जुन्या अनुभवाचं बोलत होते. आपल्याकडे असं कधी निघालंच नाही म्हणून तिने ते मनावर घेतलं नव्हतं, नुसती शिसारी आली होती. पण पाहुणा माणूस, हातात चहाचा कप, म्हणून तिने नुसती मान हलवली होती. आणि ज्याचं सगळं जगणं समोरच्याच्या माना बघण्यावर चाललेलं, त्याने ती मान खरी धरली होती. उद्या रस्त्यावर जे व्हायचं ते होईल, पण आज घरात सुई नको, एवढाच त्याने विचार केला होता.

तिला राग आला, फार आला. इतक्या वर्षांनी त्याला वाटावं की आपण असं करू. आणि रागाच्या पाठोपाठ हसूही आलं.

“मान हलवली म्हंजे हो नसतं,” ती म्हणाली. “ह्ये तुमच्याबिगर कुनाला म्हायती?”

बुधाजीने ओठांवरून ते वाचलं. जरा वेळ लागला. मग तो मोठ्याने हसला, क्रशरवरच्या काळासारखा, अख्ख्या आळीला ऐकू जाईल असा. दिपिका तिकडून ओरडत होती की पोपटी करपते आहे. ते त्या दोघांपैकी एकालाच ऐकू आलं आणि तीही उठली नाही.

रविवारी अकरा वाजता चारुदत्त आणि मिताली आले. मितालीने पट्ट्यावर लावायचा पितळी बिल्लासुद्धा आणला होता. वेणूने त्यांना आधी चहा दिला नाही, आधी अंगणात नेलं. घाऱ्या पाठमोरा मातीत खेळत होता. तिने त्याच्या मागे उभं राहून थाळी वाजवली, तीनदा, आणि त्यांच्याकडे पाहिलं. मग काय ते सगळं सांगितलं, टाचेचंसुद्धा. नवऱ्याच्या कानाचं सांगितलं नाही, ते त्याचं त्याने सांगायचं होतं.

मिताली म्हणाली, तरीही आम्ही त्याला नेतो. वेणू नाही म्हणाली. तुमच्या फाटकापुढे तो रस्ता आहे, आणि मी तुम्हाला हाकेच्या आधी येईल असं सांगितलं होतं. लाल दोऱ्याची मादी बघा, तिला वेगळी काढून थाळी वाजवून बघा, मी लांब उभी राहते. चारुदत्त ताठ झाला होता. तुमचं नाव ऐकून आलो होतो, एवढंच तो म्हणाला आणि गाडीकडे निघाला. मिताली बिल्ला हातात धरून थोडा वेळ उभी राहिली, मग तीही गेली. लाल दोऱ्याची मादी त्यांनी पाहिलीच नाही.

बुधाजीने फाटक लावून घेतलं. वेणू फडकं घेऊन पाटीशी गेली, पण पुसली नाही. आत येऊन तिने वही उघडली आणि रांगोळीच्या आधीच्या पिल्लांच्या घरांना एकेक करून फोन लावायला घेतले. पिल्लू झोपेत असताना मागून थाळी वाजवा, असं ती प्रत्येकाला सांगत होती. काहींनी आभार मानले. एकाने फोन आपटला. दुपारपर्यंत तिचा घसा बसला होता. उरलेल्या आठ पिल्लांना तिने त्याच दिवशी एकेकटं अंगणात नेऊन तपासलं, आणि आठही उठली.

सोमवारी सकाळी धुकं होतं. वेणूने नेहमीसारखा चहा टाकला. इतकी वर्षं ती स्वयंपाकघरातूनच पुकारायची, आवं, चाय. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा चिडून. मग स्वतःच बडबडत कप नेऊन आदळायची.

त्या दिवशी तिने पुकारलं नाही. कप घेऊन ती पडवीत गेली. बुधाजी बाकड्यावर पाठमोरा बसला होता आणि फळ्यांवर, गोणपाटात, घाऱ्या झोपला होता. तिने चप्पल काढली, टाच उचलली आणि फळीवर एकदाच आपटली.

दोघांनीही एकदम मागे वळून पाहिलं.

वेणू फिरून पुढे आली, कप त्याच्या हातात दिला आणि त्याला आपलं तोंड दिसेल अशी समोर बसली. मग तिने विचारायला सुरुवात केली.